लॅमिनेट झालेला खंड्या

मी एक जुना खंड्या आहे. खराखुरा नव्हे, छापलेला. तळहातावर मावेल एवढं एक कार्ड, त्यावर चंदेरी वर्खात काढलेला खंड्या पक्षी, चोचीत आडवा मासा आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत क्रमांक. तो मासा मी अजून गिळलेला नाही. माझ्याभोवती जाड, पारदर्शक फिल्म आहे. मला ऊन लागत नाही, ओल लागत नाही, कुणाचं बोटही लागत नाही. तुम्ही मला हातात घेतलंत तर तुम्हाला गुळगुळीत वाटेल, मला काहीच वाटणार नाही. तेव्हा मित्रांनो, माझं सांगणं थोडं कोरडं वाटलं तर राग मानू नका.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे पाखरांच्या कार्डांचा एक संच निघत असे. चिमण्या, कावळे, बदकं यांचे मोठे मोठे ताव दिवसभर धडधडत बाहेर पडायचे. आमचा चंदेरी ताव मात्र मधूनच एखादा निघायचा आणि त्यासाठी सगळं मशीन थांबवून वेगळा वर्ख चढवावा लागायचा. ते काम करणारा माणूस तोंडाचा फटकळ होता. एवढ्याशा तावासाठी आपला खोळंबा होतो म्हणून तो आम्हाला यथेच्छ शिव्या घालायचा. पुढे लोक मला दुर्मीळ म्हणू लागले तेव्हा मला त्याची आठवण यायची. दुर्मीळ म्हणजे ज्याच्यामुळे कुणाचं तरी काम अडतं असा, एवढंच मला तेव्हा कळलं होतं.

मग मला कापलं, बदकांच्या आणि चिमण्यांच्या मधे घातलं आणि पाकीट बंद केलं. बाहेरून सगळी पाकिटं सारखीच दिसायची. कुठल्या पाकिटात कोण आहे ते दुकानदारालाही ठाऊक नसायचं. खरी गंमत त्यातच होती, आणि खरा ताप पण त्यातच.

मी ज्या दुकानात आलो ते वह्या-पेनांचं दुकान होतं. मुलं यायची, पाकिटं चिमटीत धरून दाबून बघायची, तळहातावर तोलायची, दिव्याकडे धरायची. वर्खाचं कार्ड किंचित जड असतं असं कुणीतरी पसरवलं होतं. दुकानदार म्हणायचा, भाजी निवडताय का रे. पण तोही दुकानात कुणी नसलं की हळूच एखादं पाकीट तोलून बघायचा.

मला ज्या मुलीने घेतलं तिला घरात सगळे धाकटी म्हणत. थोरली बहीण शिकायला दुसऱ्या गावी गेली होती, त्यामुळे घरात मुलगी ही एकटीच, तरी ती धाकटीच. तिने संचातली सगळी पाखरं जमवली होती. त्यासाठी तिने काय काय केलं होतं विचारू नका. आपल्याकडची सगळी डबल कार्डं देऊन टाकली होती, एका बगळ्यापायी मैत्रिणीचा गृहपाठ करून दिला होता, वाढदिवसाला कपडे नकोत पाकिटं द्या म्हणून आईशी अबोला धरला होता. आता तिच्या अल्बममध्ये एकच कप्पा रिकामा होता, माझा. अल्बमच्या मधल्याच पानावर, पुढचा दात पडल्यासारखा. ती कुणाला अल्बम दाखवायची तेव्हा त्या पानावर अंगठा ठेवायची.

त्यातच ती पाकिटं येणं बंद होणार अशी बातमी आली. दुकानदाराकडे शेवटचं खोकं उरलं होतं आणि खोक्याच्या तळाशी एक पाकीट. ते तिने विकत घेतलं, पण रस्त्यात उघडलं नाही. घरी येऊन हात साबणाने धुतले, कोरडे केले, टेबल पुसलं आणि कात्रीने पाकिटाची कड सावकाश कापली. चिमणी, चिमणी, कावळा, बदक आणि मग मी. ती ओरडली नाही. तोंडावर हात धरून बसून राहिली. मग मला नखाच्या टोकाने कडेला धरून उचललं आणि आईला, बाबांना हाका मारल्या. तेव्हा मला अजून सगळं लागत होतं. तिचा श्वास माझ्यावर आला तो मला गरम लागला होता.

त्या रविवारी ती मला अदलाबदलीला घेऊन गेली. गावातले कार्डं जमवणारे लोक वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमत. शाळकरी पोरी आणि टक्कल पडलेले कारकून एकाच बाकावर बसून तावातावाने घासाघीस करत. तिथे वय कुणी विचारत नसे, तुझ्याकडे डबल काय आहे ते विचारत. आणि तिथली एक रीत होती. दुसऱ्याच्या कार्डाला हात लावण्याआधी 'काढू का?' म्हणून विचारायचं. समोरचा 'काढ' म्हणेपर्यंत हात पाठीमागे. ही रीत लहान पोरालाही मोडता येत नसे आणि मोठ्यालाही.

त्या खोलीत सगळ्यात जास्त मान भिंगवाल्या काकांचा. ते घड्याळं दुरुस्त करत आणि डोळ्याला लावायचं तेच भिंग घेऊन तिथे येत. त्यांनी विचारलं, धाकटीने काढा म्हटलं, मग त्यांनी मला चारी कोपऱ्यांना निरखलं आणि म्हणाले, याला अजून कुणाचा हात लागलेला नाही, याला असाच राहू दे. भोवती बघणाऱ्यांच्या माना आपोआप हलल्या. धाकटीच्या जिवाला तेव्हा जे वाटलं ते तिच्या बोटांतून मला कळलं.

घरी येऊन ती जेवताना एकच गोष्ट बोलत राहिली. आता याला काही होता कामा नये, बाबा. ओल नको, धूळ नको, तेलकट हात नको. बाबा ऐकत होते. मित्रांनो, आता बाबांविषयी सांगायलाच हवं.

बाबांचं चौकाजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. झेरॉक्स, बाइंडिंग आणि लॅमिनेशन. त्यातलं लॅमिनेशन हा त्यांचा जीव की प्राण. लोक त्यांच्याकडे आपली सगळ्यात मोलाची कागदपत्रं घेऊन येत. कुणाची पदवी, कुणाच्या आजोबांचा एकुलता एक फोटो, कुणाचा जन्मदाखला. बाबा ती अशी काही बंद करून देत की पुढच्या पिढीनेही वापरावीत. घरात तर त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पाढे लॅमिनेट, डॉक्टरांचा नंबर लॅमिनेट, कपडे धुण्याच्या मशीनचं माहितीपत्रक लॅमिनेट. थोरलीने पहिल्यांदा काढलेला हत्ती, ज्याला पाच पाय होते, तोही लॅमिनेट होऊन फ्रिजवर चिकटला होता. आई म्हणायची, एक दिवस मलाही घालाल त्यात. या माणसाला एखादी वस्तू आवडली की ती तो मशीनमध्ये घाली. माया करायची त्याला दुसरी तऱ्हा ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेत गेली आणि बाबा मला दुकानात घेऊन गेले.

त्यांनी किती काळजी घेतली ते मी सांगितलं पाहिजे. आधी मशीनचे रूळ पुसून घेतले. मग एक कोरा कागद त्यातून काढून बघितला, डाग पडतो का म्हणून. मग खालच्या खणातून ती जाड फिल्म काढली, जी ते फक्त पदव्यांसाठी ठेवत. माझ्यावर फुंकर मारली. मला फिल्मच्या बरोबर मध्ये ठेवलं, मान वाकडी करून दोन्ही बाजूंनी पाहिलं. हिरवा दिवा लागायची वाट पाहिली. आणि मग मला आत सोडलं.

आत फार गरम होतं. एवढंच मला लागलेलं शेवटचं. दुसऱ्या बाजूने मी बाहेर आलो तेव्हा बाबांचा चेहरा मला दिसत होता, पण त्यांचा हात मला लागत नव्हता. त्यांनी फिल्मचे कोपरे गोल कापले, टोचू नयेत म्हणून.

तिन्हीसांजेला धाकटी दप्तर घेऊन दुकानात आली. बाबांनी मला तिच्या हातात ठेवलं. बाबा म्हणाले, "बघ. आधी मशीन चांगलं पुसून घेतलं. पदवीची फिल्म लावली. आता पाण्यात टाकलंस तरी काही होणार नाही."

मित्रांनो, कार्डं जमवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, तुम्हाला मात्र सांगतो. लॅमिनेट केलेलं कार्ड अदलाबदलीच्या खोलीत मेलेलं धरतात. फिल्म पुन्हा निघत नाही. काढायला जाल तर चित्र तिच्याबरोबर सोलून येतं. ज्याला कुणाचा हात लागला नाही म्हणून मान होता, त्याला आता कायमचा हात लागला होता.

धाकटीने मला पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. त्यांच्या शर्टाच्या बाहीला मशीनची काजळी लागली होती आणि ते हसत होते.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

घरी येऊन तिने मला अल्बमच्या कप्प्यात घालून बघितलं. फिल्मच्या कडांमुळे मी कप्प्याहून मोठा झालो होतो, बसलो नाही. तिने मला टेबलाच्या खणात ठेवलं आणि अल्बम कपाटाच्या वर टाकला. ती रडली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. जेवायला बसली, वाढलेलं सगळं जेवली, आईने काय विचारलं त्याची उत्तरं दिली. पुढच्या रविवारी ती वाचनालयात गेली नाही. अभ्यास आहे म्हणाली. त्याच्या पुढच्याही रविवारी अभ्यासच होता.

ती दिसेना तेव्हा भिंगवाले काका दुकानात चौकशीला आले. बाबांनी मोठ्या हौशीने सांगितलं की कार्ड सुखरूप आहे, मी स्वतः लॅमिनेट केलंय. काकांचा पडलेला चेहरा पाहूनच बाबांच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी धाकटी शाळेत गेल्यावर ते मला दुकानात घेऊन आले, काकांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. काकांनी भिंगही काढलं नाही.

"उघडता येईल का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"तिला कळलं असेल?"

"बघताक्षणी," काका म्हणाले. मग त्यांनी बाबांना त्या खोलीतली रीत सांगितली. काढू का म्हणून विचारतात, आणि हो म्हणेपर्यंत हात पाठीमागे. हे ते टोचून बोलले नाहीत, पण बाबांना जिथे बसायचं तिथे ते बसलं. काका गेल्यावर बाबा स्टुलावर बसून राहिले. एक गिऱ्हाईक येऊन हाका मारून निघून गेलं. त्यानंतर बाबांनी मला घरी नेलं आणि खणात होतो तसाच, त्याच अंगावर, ठेवून दिलं.

ते तिला काही बोलले नाहीत. आपलं मन राखायला पोरीने एवढं गिळलं, आता आपण तोंड उघडलं तर तिचं सगळं वाया जाईल, असं त्यांना वाटलं. ती त्यांना काही बोलली नाही. सांगितलं तर त्यांचं काळीज फाटेल, असं तिला वाटलं. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप. दोन्ही कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि मी प्लॅस्टिकमध्ये.

इथवरही ठीक होतं. पण मग बाबांचा हात आखडला. पूर्वी ते तिच्या सायकलच्या चेनला न सांगता तेल घालायचे, पेन्सिलींना टोक काढून ठेवायचे, वह्यांना कव्हरं घालायचे. आता ते विचारू लागले. सायकलला तेल घालू का? ती म्हणायची, नको, मी घालते. काही दिवसांनी त्यांनी विचारणंही सोडलं. ते तिच्या वस्तूंच्या वाटेला जाईनात. तिच्या खोलीत शिरताना दाराशी थबकायचे आणि परत फिरायचे. धाकटीला हे दिसत होतं. तिने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. एकदा आईला ती म्हणाली की बाबांना आता माझ्या कशातच रस नाही. खणात पडून मी ते ऐकलं. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण मला वाटायचं ते मशीनमध्येच राहिलं होतं.

आई दोघांना म्हणायची, तुम्ही एकमेकांशी पाहुण्यांसारखे का वागता? दोघेही म्हणत, कुठे काय. आणि दोघेही एकमेकांना भाजी पुढे करत, अगदी अदबीने.

धाकटी मोठी झाली आणि दातांची डॉक्टर झाली. बधिर कसं करायचं ते शिकायला तिला कॉलेजात फार वेळ लागला नसावा. ती शिकायला गेली तेव्हा तिचं टेबल कुणाला तरी द्यायचं ठरलं. बाबांनी तिला फोनवर विचारलं, खणातल्या तुझ्या वस्तू हलवू का? ती म्हणाली, काहीही करा. बाबांनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि दुकानात, मशीनखालच्या खणात ठेवलं. जिथे पदवीच्या फिल्म ठेवत तिथेच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला बाहेर काढत, बघत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत.

पुढे धाकटीने गावातच दवाखाना घातला. एकदा बाबांची दाढ तिनेच काढली. त्याची हकिगत बाबांनी शेजारच्या शिंप्याला सांगितली तेव्हा मी खणात होतो. ती सगळ्यांना म्हणते तसं बाबांनाही म्हणाली होती, दुखलं तर हात वर करा. दुखलं म्हणे पुष्कळ. शिंप्याने विचारलं, मग हात वर केलात की नाही. बाबा झेरॉक्सचे कागद नीट करत राहिले.

मग बाबांचे गुडघे बोलू लागले आणि दुकान बंद करायचं ठरलं. सामान आवरायला धाकटी आली. तिने फळ्या रिकाम्या केल्या, कागदांचे गठ्ठे बांधले आणि शेवटी मशीनखालचा खण ओढला. फडकं उलगडलं. मी. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. हा इथे कसा, हे तिच्या ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात एक बाई दुकानात शिरल्या. त्यांच्या हातात एक चित्र होतं, मुलीने काढलेलं घर आणि त्याहून मोठं मांजर. मुलगी शाळेत होती. ती यायच्या आत लॅमिनेट करून भिंतीवर लावायचं, तिला गंमत वाटेल, असं बाई म्हणाल्या.

बाबांनी चित्र हातात घेतलं नाही. त्यांचे हात पाठीमागे होते.

"एकदा बंद केलं की उघडत नाही हे," ते म्हणाले. "जिचं आहे तिला विचारलंत का?"

बाई हसल्या. लहान मुलीला काय विचारायचं, म्हणाल्या. बाबा म्हणाले, विचारून या, नाहीतर तिलाच घेऊन या. बाईंनी आवराआवर बघितली आणि म्हणाल्या, पण तुम्ही तर आज दुकान बंद करताय. बाबा म्हणाले, थांबतो. बाई थोड्या वैतागूनच गेल्या.

धाकटी मला धरून उभी होती. "सगळ्यांना असं विचारता?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

बाबांनी तिच्या हाताकडे बघितलं. "खंड्यापासून," ते म्हणाले.

बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं. धाकटीने स्टूल ओढलं आणि बसली. एवढी वर्षं हा माणूस आपल्या वस्तूंना हात का लावत नव्हता, ते तिला आता, एका दमात कळलं होतं.

"दाढ काढली तेव्हा दुखलं होतं ना?" तिने विचारलं.

"दुखलं होतं."

"मग हात का नाही वर केला?"

"तुझं काम छान चाललं होतं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "आणि तू? तू का नाही केलास?"

"तुम्ही आधी मशीन पुसून घेतलं होतं, बाबा."

त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते ती आता रडली, मोठ्या बाईसारखं नाही, शाळेतून आलेल्या मुलीसारखं. बाबा तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांचा हात तिच्या डोक्याच्या वर येऊन थांबला. विचारावं की काय या घोळात तो तिथेच राहिला, तेव्हा तिनेच डोकं वर करून त्याला टेकवलं.

शाळा सुटल्यावर बाई मुलीला घेऊन परत आल्या. बाबा गुडघ्यांची पर्वा न करता तिच्यापुढे खाली बसले आणि चित्र दाखवून म्हणाले, हे प्लॅस्टिकमध्ये बंद करू का, मग ते खराब होणार नाही. मुलीने नीट विचार केला. "नको," ती म्हणाली. "मांजराला मिशा काढायच्यात अजून." बाबांनी मान हलवली आणि तिला एक कोरी फाइल दिली, चित्र ठेवायला.

त्या गेल्यावर धाकटी घरी गेली आणि अल्बम घेऊन आली. कपाटावरची धूळ तिच्या केसांत लागली होती. तिने मधलं पान उघडलं, रिकाम्या कप्प्यावर मला ठेवलं आणि म्हणाली, कडा कापल्या तर बसेल.

"एवढ्या जवळून कापल्या तर चिकटलेलं सुटेल," बाबा म्हणाले. "हवा शिरेल आत. ओल धरेल कधीतरी."

"शिरू दे."

बाबांनी पट्टी लावली, कटर उचललं आणि थांबले. "कापू का?"

"कापा," धाकटी म्हणाली.

त्यांनी चारही बाजूंनी मला कापलं. गोल कोपरे गेले. मग तिने पान धरलं आणि त्यांनी मला कप्प्यात सरकवलं. मी बसलो. अदलाबदलीच्या खोलीत मला अजूनही कुणी विचारणार नाही. एका कोपऱ्यात फिल्म केसभर उकललेली आहे. काही वर्षांनी तिथून माझा वर्ख काळा पडेल, मासा दिसेनासा होईल. बाबा म्हणाले होते तसंच होणार.

मित्रांनो, एखादी वस्तू तुम्हाला जपावीशी वाटली तर जपाच, पण ती ज्याची आहे त्याला आधी विचारा, आणि तो हो म्हणेपर्यंत हात पाठीमागे ठेवा. आणि कुणी मायेपोटी न विचारताच जपलं आणि तुम्हाला दुखलं, तर छान झालंय म्हणू नका. हात वर करा. समोरचं माणूस तेवढ्याने मोडत नाही.

काल त्या उकललेल्या कोपऱ्यातून थोडी हवा आत आली. मला वाटतं, ती गार होती.